आधी वर्णन, मग नाव : आपल्या शहरातले पक्षी कसे ओळखावेत

कॅडेट, इयत्ता दहावी

आपल्या कॅम्पसमध्ये उठण्याचा बिगुल वाजतो त्याच्या बरेच आधी दयाळ गायला लागतो. मार्च ते जून या महिन्यांत तो पाण्याच्या टाकीच्या कठड्यावर बसतो आणि पुरते उजाडायच्या आतच सुरू होतो. मी सहावीत इथे आलो तेव्हापासून हा आवाज रोज ऐकत होतो, पण तो कोणाचा हे मला तीन वर्षे माहीत नव्हते. नववीत जीवशास्त्राच्या सरांनी एकदा पीटीनंतर थांबवून दाखवले : काळी पाठ, काळा गळा, पांढरे पोट, पंखावर पांढरा पट्टा आणि वर उचललेली शेपटी. त्या दिवसापासून मी पक्ष्यांची डायरी ठेवू लागलो. या लेखात त्या डायरीतून शिकलेल्या गोष्टी सांगणार आहे. त्यात माझी एक मोठी चूकही आहे. ती शेवटी सांगतो, कारण बाकीचे आधी वाचल्याशिवाय ती नीट कळणार नाही.

शहर आणि पक्षी

पुष्कळांना वाटते की पक्षी पाहायला जंगलात जावे लागते. बेंगळुरूत तसे नाही. हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेला सुमारे १३ अंशांवर, म्हणजे उष्ण कटिबंधात आहे. पण समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे इथे कडक ऊन आणि कडाक्याची थंडी दोन्ही कमी. वड, पिंपळ, उंबर ही झाडे सगळी एकाच महिन्यात फळत नाहीत. एक संपले की दुसरे पिकलेले असते. त्यामुळे फळे खाणाऱ्या तांबट, बुलबुल, कोकीळ यांना बाराही महिने काही ना काही मिळते. फुलझाडे आहेत म्हणून शिंजीर आहेत. हलसूरु आणि हेब्बाळसारखे तलाव आहेत म्हणून बगळे, पाणकावळे आणि बदके आहेत. हलसूरु तलावाच्या काठाशीच मद्रास सॅपर्सचे केंद्र आहे, हे आपल्यापैकी अनेकांना माहीत असेलच. लालबाग तर हैदर अलीच्या काळापासूनची, म्हणजे अडीचशे वर्षांहून जुनी बाग आहे.

आपल्या कॅम्पसपुरते बोलायचे तर पीटीच्या मैदानापासून मेसपर्यंतच्या रस्त्यावर पंधरा-वीस जातींचे पक्षी सहज दिसतात. आपण त्यांना पाहतो, पण ओळखत नाही.

फील्डक्राफ्ट इथेही लागते

एनसीसीच्या फील्डक्राफ्टच्या तासाला आपण शिकतो की वस्तू का दिसतात : आकार, सावली, आकाशावर उमटणारी आकृती, पृष्ठभाग, हालचाल वगैरे. शत्रूला आपण दिसू नये म्हणून ही यादी शिकवतात. हीच यादी उलटी वापरली तर पक्षी सापडतो. पानांत बसलेला हिरवा कुटुरगा रंगाने सापडत नाही, पान हलले की सापडतो. तारेवर बसलेला कोतवाल रंगाने नाही, तर दुभंगलेल्या शेपटीच्या आकृतीने कळतो.

पक्ष्यालाही आपण याच कारणांनी दिसतो. म्हणून पांढरी पीटी ड्रेस घालून जवळ जाऊ नये, एकदम हात वर करू नये आणि सूर्य शक्यतो आपल्या पाठीशी ठेवावा. सूर्य पक्ष्याच्या मागे असला तर सगळेच पक्षी काळे दिसतात.

दुसऱ्याला पक्षी दाखवतानाही क्लास आठवावा. "अरे तो बघ, तिथे, त्या फांदीवर" असे म्हटल्याने कोणालाच काही दिसत नाही, आणि तोपर्यंत पक्षी उडून जातो. त्याऐवजी घड्याळाची पद्धत वापरावी. "मेससमोरचा गुलमोहर. झाडाचा मध्य म्हणजे घड्याळाचा मध्य. दोन वाजता, चार बोटे." ज्याला पद्धत येते त्याची दुर्बीण पाच सेकंदांत तिथे पोहोचते.

आमचे फील्डक्राफ्टचे उस्ताद आणखी एक गोष्ट सांगतात. ओपीवर बसलेल्या जवानाने "दुश्मन आला" असा रिपोर्ट द्यायचा नसतो. "दोन माणसे, उत्तरेकडून, नाल्याच्या काठाने, एकाच्या हातात लांब वस्तू" असा द्यायचा असतो. काय दिसले ते आधी. ते कोण आहे हे ठरवायचे काम नंतरचे. हे वाक्य मी वहीत उतरवून घेतले होते. मग परीक्षेत लिहिले आणि विसरून गेलो.

विचारायचे सहा प्रश्न

पक्षी दिसला की पुस्तक उघडू नये. पुस्तकात मान घालेपर्यंत पक्षी जातो. तो समोर आहे तोवर त्याच्याकडे पाहावे आणि पुढील सहा प्रश्नांची उत्तरे डायरीत लिहावीत.

१. केवढा आहे? सेंटिमीटर कोणालाच झाडावर मोजता येत नाहीत. म्हणून ओळखीच्या पक्ष्यांची फूटपट्टी करावी. चिमणी सुमारे १५ सेंटिमीटर, बुलबुल २०, साळुंकी २३, पारवा ३३, कावळा ४२, घार ६१. डॉ. सालिम अली यांनी १९४१ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या भारतीय पक्ष्यांवरील पुस्तकात हीच रीत वापरली आहे : चिमणीएवढा, साळुंकीपेक्षा थोडा मोठा, असे. "साळुंकीएवढा" हे एक शब्दाचे उत्तर निम्म्याहून अधिक पक्षी यादीतून काढून टाकते.

२. बांधा कसा आहे? चोच आधी पाहावी. चोच म्हणजे पक्ष्याचे हत्यार, आणि हत्यारावरून काम कळते. आकडीसारखी वाकलेली चोच मांस फाडते, जाड आखूड चोच दाणे फोडते, लांब बारीक वाकडी चोच फुलातला मध शोषते, भाल्यासारखी सरळ लांब चोच मासा पकडते. मग शेपटी पाहावी : लांब की आखूड, टोकाला गोल, चौकोनी की दुभंगलेली.

३. रंग कुठे आहे? "रंगीबेरंगी होता" हे वर्णन नव्हे. डोके, गळा, छाती, पोट, पाठ, पंख, बूड अशा क्रमाने लिहावे. डोळ्यावर भुवईसारखी रेघ आहे का, पंखावर पट्टा आहे का, हे पाहावे.

४. काय करतो आहे? धोबी पक्षी चालताना सारखी शेपटी वरखाली करतो. वेडा राघू तारेवरून झेप घेतो, हवेत माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. सातभाई जमिनीवर घोळक्याने उड्या मारत पाचोळा उलटतात. रंग दिसला नाही तरी वागण्यावरून कुळ कळते.

५. आवाज कसा आहे? आवाज अक्षरांत लिहून ठेवावा. तांबट "टुक्-टुक्-टुक्" असा ठोके मारल्यासारखा बोलतो, म्हणून त्याचे नाव तांबट. कुटुरगा "कुटरू-कुटरू" असे ओरडतो. शिंपी एवढासा असतो, पण आवाज सगळ्या बागेला ऐकू जातो.

६. कुठे आणि केव्हा? करडा धोबी हिवाळ्यात येतो आणि उन्हाळ्यात उत्तरेकडे परत जातो. मे महिन्याच्या शेवटी तो दिसला असे लिहायचे असेल तर दहादा विचार करावा. दुसरीकडे, खंड्या म्हणजे पाण्याजवळचाच पक्षी असेही समजू नये. पांढऱ्या छातीचा खंड्या आपल्या हॉकीच्या मैदानाच्या कुंपणावर बसतो आणि गवतातले नाकतोडे व सरडे पकडतो. तिथे जवळपास तळे नाही.

फसवणाऱ्या जोड्या

ओळखण्यात चुका बहुधा याच जोड्यांत होतात, म्हणून त्या वेगळ्या देतो.

घार आणि ब्राह्मणी घार. मोठी ब्राह्मणी घार विटकरी रंगाची आणि डोके-छाती पांढरी, ती कोणीही ओळखेल. पण तिचे पिल्लू पहिल्या वर्षी तपकिरी असते आणि साध्या घारीसारखे दिसते. तेव्हा शेपटी पाहावी. साध्या घारीची शेपटी टोकाला खाचेची, ब्राह्मणी घारीची गोल.

दोन बुलबुल. "बुडाखाली लाल म्हणून लालबुड्या" असे आपण पटकन म्हणतो, पण शिपाई बुलबुलाचे बूडही लालच असते. शिपायाचा तुरा उभा आणि टोकदार, गाल पांढरा आणि डोळ्यामागे लाल ठिपका. लालबुड्याचे डोके काळे, तुरा आखूड आणि अंगावर खवल्यांसारखी नक्षी.

दोन साळुंक्या. आपल्या मेसच्या मागे फिरणाऱ्या साळुंकीच्या डोळ्याभोवती पिवळी कातडी असते. रान साळुंकीला ती नसते, उलट चोचीच्या वर कपाळावर छोटासा तुरा असतो. दक्षिणेकडील रान साळुंकीच्या शास्त्रीय नावात "महराटेन्सिस" हा शब्द आहे, म्हणजे "मराठ्यांच्या मुलखातली". हे नाव मुंबई फौजेतील साइक्स या अधिकाऱ्याने १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांच्या यादीत दिले. मराठी पानावर एवढी माहिती तरी हवीच.

कावळा, डोमकावळा आणि कोकीळ. साध्या कावळ्याची मान राखाडी. डोमकावळा पूर्ण काळा आणि जाड चोचीचा. कोकीळ नरही पूर्ण काळा, पण सडपातळ, शेपटी लांब, चोच फिकट हिरवट आणि डोळे लाल. मादी तपकिरी रंगाची आणि अंगभर पांढरे ठिपके असलेली, त्यामुळे अनेक जण तिला वेगळाच पक्षी समजतात. आपण "कोकिळा गाते" असे म्हणतो, पण "कुहू" करणारा नर असतो.

शिंपी आणि राखी वटवट्या. दोघे चिमणीहून लहान, दोघे झुडपात, दोघांची शेपटी वर. शिंप्याचे कपाळ तांबूस, पाठ हिरवट आणि पोट पांढुरके. वटवट्याचे डोके आणि पाठ राखी, पोट तांबूस-पिवळसर.

काळा दिसणारा शिंजीर. जांभळा शिंजीर नर सावलीत कोळशासारखा काळा दिसतो. तोच उन्हात आला की निळा-जांभळा चमकतो. विणीचा हंगाम संपला की त्याचा तो झगझगीत वेष जातो आणि पिवळसर छातीवर मधोमध फक्त एक काळी रेघ उरते. पक्षी तोच, गणवेश दुसरा.

नावातच खूण

मराठी नावे पाठ करणे मला इंग्रजीपेक्षा सोपे गेले, कारण नावातच ओळख असते. तलावावरच्या एका बदकाचे नाव हळदीकुंकू आहे. त्याच्या काळ्या चोचीचे टोक पिवळे आणि कपाळाजवळ लाल ठिपके असतात. एकदा नाव कळले की ते बदक चुकत नाही. काळ्या अंगाच्या आणि कपाळावर पांढरा टिळा असलेल्या पाणपक्ष्याला वारकरी म्हणतात. शिंपी पाने शिवतो, तांबट ठोके मारतो, सातभाई घोळक्याने राहतात. मारुती चितमपल्ली यांनी अशी नावे जमवून पक्षिकोश तयार केला. आईबाबांना विनंती आहे की सुट्टीत आम्ही घरी आलो की आजी-आजोबांना पक्ष्यांची नावे विचारावीत. गावागणिक नावे बदलतात आणि ती पुस्तकात सगळी नसतात.

इथे तर एका डॉर्मिटरीत पाच-सहा राज्यांची मुले. खंड्याला कन्नड मुलगा मिंचुळ्ळी म्हणतो, मल्याळी मुलगा पोन्मान आणि हिंदीवाला किलकिला. सुरुवातीला आमची यावरून भांडणे होत. मग आम्ही ठरवले की आधी पक्षी कसा दिसतो ते सांगायचे. वर्णन जुळले की नावे आपोआप जुळतात.

आता माझी चूक

मागच्या फेब्रुवारीत हाउसेसमध्ये पक्षी मोजण्याची स्पर्धा झाली. दोन दिवस, प्रत्येक हाउसचे सहा जण, फक्त कॅम्पसमध्ये. जास्त जाती ज्याच्या, ते हाउस विजयी. नियमांचा कागद होता. त्यात एक नियम असा : ठरलेल्या वेळेनंतर यादीत नवे नाव घालता येणार नाही, चुकीचे नाव मात्र केव्हाही काढता येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाश्त्याला कळले की दुसऱ्या हाउसला शिक्रा दिसला. शिक्रा म्हणजे पारव्याएवढा छोटा शिकारी ससाणा. आम्हाला तो मिळाला नव्हता. मी तसाच उठून सिकबेच्या मागच्या मोठ्या झाडाखाली गेलो. सातभाई प्रचंड कलकलाट करत होते. मी ठरवून टाकले : सातभाई घाबरलेत, म्हणजे वर शिक्रा आहे. आणि खरेच, पारव्याएवढा राखी पाठीचा, छातीवर तांबूस छटा असलेला पक्षी फांदीवर येऊन बसला. मिनिटभर दिसला आणि उडून गेला. मी डायरीत सवयीने वर्णन लिहिले, त्याखाली मोठ्या अक्षरांत "शिक्रा" असे लिहिले आणि पळत जाऊन यादीत नाव घातले.

आमची यादी ४१ झाली. दुसऱ्या हाउसची ४०. ट्रॉफी आमच्याकडे आली. असेंब्लीत कॅप्टनने ती घेतली तेव्हा सगळ्यांनी माझी पाठ थोपटली, कारण शेवटचा पक्षी माझा होता.

एप्रिलच्या शेवटी एका संध्याकाळी वळवाचा पाऊस पडून गेला होता. प्रेपला बसण्याआधी आम्ही व्हरांड्यात उभे होतो. सिकबेमागच्या त्याच झाडातून एक आवाज आला. तीन सुरांचा, प्रत्येक वेळी आणखी वर चढणारा, चढत चढत एकदम थांबणारा. उत्तर प्रदेशातला माझा मित्र म्हणाला, "पपीहा है. पी कहाँ, पी कहाँ." आणि मला त्याच आवाजात ऐकू येत होते, "पेरते व्हा, पेरते व्हा." माझे आजोबा सातारा जिल्ह्यात शेती करतात. हा आवाज आला की ते म्हणतात, पावशा बोलला, आता बियाणे बघा.

पावशा कसा दिसतो हे पाहायला मी लायब्ररीतले पुस्तक उघडले आणि माझे हातपाय गार पडले. पावशा हुबेहूब शिक्र्यासारखा दिसतो. आकार तोच, राखी पाठ तीच, छातीवर तशीच छटा, शेपटीवर पट्टे, उडण्याची ढबसुद्धा तीच. तो कोकिळेच्या कुळातला आहे आणि आपली अंडी सातभाईंच्या घरट्यात टाकतो. लहान पक्ष्यांना त्याचा शिकारी पक्ष्यासारखा वेष फसवतो आणि त्यामुळे त्याचे काम सोपे होते, असे अभ्यासक मानतात. सातभाई त्याला पाहूनही कलकलाट करतात.

फरक कशात आहे ते नीट लिहितो, म्हणजे तुमची चूक होणार नाही. शिक्र्याची चोच आखूड आणि आकडीसारखी, पावशाची बारीक आणि जवळजवळ सरळ. शिक्र्याचे पंजे मजबूत आणि नख्यांचे, पावशाचे पाय नाजूक, दोन बोटे पुढे आणि दोन मागे. पावशाच्या डोळ्याभोवती पिवळी कडा असते, शेपटीचे टोक तांबूस असते आणि फांदीवर बसल्यावर तो कधी कधी शेपटी डावी-उजवीकडे हलवतो.

मग मी फेब्रुवारीतली डायरी काढली. माझ्याच अक्षरात लिहिले होते : "पारव्याएवढा. पाठ राखी. चोच बारीक, सरळ. डोळ्याभोवती पिवळे. शेपटीला पट्टे, टोक तांबूस. बसल्यावर शेपटी दोनदा हलवली." आणि त्याखाली : "शिक्रा!!" दोन उद्गारचिन्हांसह.

म्हणजे डोळ्यांनी बरोबर पाहिले होते आणि हाताने बरोबर लिहिले होते. चूक फक्त शेवटच्या शब्दात होती, कारण तो शब्द मी झाडाखाली जायच्या आधीच ठरवून ठेवला होता.

पावशाचे नाव आता घालता येत नव्हते, मुदत संपून दोन महिने झाले होते. शिक्र्याचे काढले तर ४०-४०. मी तीन दिवस कोणालाच सांगितले नाही. खरे सांगायचे तर डायरीतले ते पान फाडावे असेही एकदा मनात आले. कोणी विचारणार नव्हते. तो पक्षी माझ्याशिवाय कोणी पाहिलाच नव्हता. पण नेमके तेच मला टोचत होते. यादीत आमच्या हाउसचे नाव होते ते केवळ माझ्या शब्दावर.

चौथ्या दिवशी मी हाउस कॅप्टनला सांगितले. तो आधी म्हणाला, "आता कशाला? दोन महिने झाले." मग थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "डायरी घेऊन ये. सरांकडे मीही येतो." सरांनी ते पान दोनदा वाचले. लाल पेनाने खाली लिहिले, "वर्णन बरोबर, नाव चूक," आणि तारीख घातली. पुढच्या सोमवारी ट्रॉफीखाली दोन्ही हाउसेसची नावे लागली. माझ्या हाउसमधले दोघे-तिघे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. त्यांचे मला वाईट वाटले, पण त्यांना काय सांगावे हे कळले नाही. दुसऱ्या हाउसच्या मुलांनीही काही जल्लोष केला नाही. त्यांच्यातल्या एकाने मला त्यांचा शिक्रा कुठे दिसला होता ती जागा दाखवली.

सराव

ज्यांना सुरुवात करायची आहे त्यांच्यासाठी सोपा कार्यक्रम देतो. दुर्बीण नसली तरी चालेल.

रोज पंधरा मिनिटे एकाच जागी बसा. सकाळी पीटीनंतर किंवा संध्याकाळी खेळ सुटल्यावरची वेळ चांगली. पहिल्या आठवड्यात फक्त पाच पक्षी पक्के करा : कावळा, साळुंकी, पारवा, घार आणि शिपाई बुलबुल. हे पाच मापाचे पक्षी आहेत. ते पक्के झाले की सहावा आपोआप वेगळा दिसतो. दुसऱ्या आठवड्यात डोळे मिटून पाच मिनिटे ऐका आणि किती वेगवेगळे आवाज आले ते बोटांवर मोजा. तिसऱ्या आठवड्यात एका पक्ष्याचे चित्र काढा. चित्र चांगले यायला नको, पण चोच आणि शेपटी बरोबर हवी. चित्र काढायला बसले की आपण काय पाहिलेच नाही ते लक्षात येते.

घरट्याजवळ जाऊ नका, अंडी-पिल्लांना हात लावू नका आणि मोबाइलवर पक्ष्याचा आवाज लावून त्याला बोलावू नका. आपली हद्द राखण्यासाठी तो चारा सोडून भांडायला येतो आणि दमतो.

नाव येत नसेल तर "माहीत नाही" असे लिहा. माझ्या डायरीत अशा अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या चार नंतर सुटल्या, कारण वर्णन पुरेसे होते. सात अजून तशाच आहेत.

मे महिन्यापासून लायब्ररीत पक्ष्यांचे एक रजिस्टर ठेवले आहे. कोणीही त्यात लिहू शकतो. सरांनी त्यात रकाने आखून दिले आहेत : तारीख, वेळ, जागा, वर्णन आणि शेवटी नाव. वर्णन शाईने लिहायचे आणि नाव पेन्सिलने. ऑगस्टमध्ये मी त्यात एक नोंद केली आहे : "पाण्याची टाकी. पारव्याहून थोडा लहान. चोच आखूड, आकडीसारखी. पंजे जाड, पिवळे. पंजात सरडा." नावाच्या रकान्यात मी पेन्सिलने शिक्रा लिहिले आहे. कोणाला वेगळे वाटले तर खोडून बाजूला कारण लिहावे.